कडेचा कचरा

“बाई, गाठ नकोय. गाठीच्या भोवतालचं हवंय,” सर प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाले, जणू हा शोध त्यांना सकाळी आंघोळ करताना लागला होता.

बाईंनी मान वर केली नाही. मेणात बसवलेल्या गाठींचे पातळ काप काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यातली एकोणीस वर्षं याच महाशयांनी त्यांना बजावलं होतं, कडेचा कचरा छाटून टाका म्हणून.

आता कुठल्याशा परिषदेत कुणीतरी सांगितलं, की पेशींना धरून ठेवणारं कोलॅजनसारख्या प्रथिनांचं जाळं गाठीभोवती घट्ट होतं आणि कर्करोग त्याच्याच दोऱ्या धरून बाहेर पसरतो. झालं. सर टेंभा मिरवायला मोकळे.

“पण कडांसकट जुने नमुने आता कुठून आणायचे?” सर हळहळले.

“कपाटात आहेत. काही मी छाटले नव्हते.”

“अहो, मग बोलायचं नाही का?”

“बोलले होते. अकरा वर्षांपूर्वी. कडेला पातं करकरतंय म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तुम्ही कापा, विचार आम्ही करतो.”

सरांना आठवेना. आठवत नाही म्हणूनच असली माणसं सुखाने झोपतात. तेव्हा करकरलेला तो मेणाचा ठोकळा बाईंच्या धाकट्या बहिणीच्या गाठीचा होता. सरांनी अहवालात लिहिलं होतं, गाठ लहान, काळजीचं कारण नाही. ती हसत घरी गेली. दीड वर्षात रोग हाडांत पोचला आणि ती गेली.

सरांनी कपाटातल्या खोक्यातून नेमका तोच ठोकळा उचलला. “वा, एकशे बारा नंबर. कड बघा केवढी जाड! शोधनिबंधात हाच पहिल्या पानावर घेऊ.”

बाईंनी ठोकळा यंत्राला लावला. पातं कडेला आलं आणि करकरलं, तेव्हासारखंच. सरांना ते आजही ऐकू आलं नाही.

“शेवटी आभारात तुमचं नाव टाकतो हं,” ते उदारपणे म्हणाले.

“माझं नको. जिचा ठोकळा आहे तिचं टाका.”

“पेशंटचं नाव नसतं टाकायचं, बाई. इतकी वर्षं काढलीत इथे. नंबर येईल की.”

बाईंनी काप कोमट पाण्यावर सोडला. त्याच्या सुरकुत्या हळूहळू गेल्या. तो काचेवर अलगद उचलून त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने एकशे बारा लिहिलं. आकडा पुसट वाटला, म्हणून पुन्हा गिरवला.