चार बोटं अंतर

पहिला घाव शटरवर बसला आणि दुसरा यांच्या खांद्यावर. मी आत पाइपात वाळू भरत होते. आवाज ऐकून बाहेर आले तोवर तिसराही बसला होता, आणि आमचे हे कामाच्या टेबलाला धरून असे उभे होते की जणू वाकून काही शोधतायत.

"मान वर कर, मिस्त्री! बघ तुझं काम!"

ओरडत होता आमच्या एका गिऱ्हाइकाचा, मोटरसायकलवर पाव विकणाऱ्या पाववाल्याचा थोरला भाऊ. ट्रकची टायरं बदलणारा माणूस. दंड असे, की टायर त्याला भिऊनच निघत असेल. त्याच्या हातात मोटरसायकलचा गार्ड होता, पुढे इंजिनाला लावतात तो. आमच्याच दुकानातला. डावी बाजू आत दुमडलेली, हाताचं कोपर मिटावं तशी. त्या घडीत काहीतरी सुकून तपकिरी झालं होतं. तो रंग आमच्या डब्यातला नव्हता.

"गुडघ्याखाली कापला माझ्या भावाचा पाय काल! तुझ्या गार्डने धरून ठेवला त्याला. उंदीर पिंजऱ्यात धरतात तसा!"

मी "अहो" म्हणाले.

समोरचा गॅरेजवाला रस्ता ओलांडून धावत आला आणि एका उभ्या गाडीमागे थांबला. तिथूनच ओरडायला लागला, "अरे मारू नको, समजावून सांग त्याला! समजावून सांग!"

"समजावतोच आहे," म्हणत टायरवाल्याने गार्ड पुन्हा फिरवला. हा घाव कानावर निसटता बसला. कानाची पाळी फाटली, मानेवरून रक्ताचा ओघळ सदऱ्यात उतरला. हे खाली बसले, पुन्हा उठले. आणि मला आयुष्यभर पुरेल असं वाक्य बोलले.

"मार. पण आधी मला तो बघू दे."

बावीस वर्षं गार्डच बनवले यांनी. दुसरं काही नाही. पाइपात कोरडी वाळू ठासायची म्हणजे वाकवताना तो चेपत नाही, दोन्ही तोंडांना लाकडी बूच, मग गॅसवर लाल करून वाक द्यायचा. मोजपट्टी दुकानात होती, पण ती भिंतीला शोभेसाठी. गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीवर बसवायचे आणि नडगी व पाइप यांच्यामध्ये स्वतःची चार बोटं घालायचे. चार बोटं अंतर सुटलंच पाहिजे. जास्त सुटलं तर गार्ड शेजारच्या गाडीत अडकतो, कमी सुटलं तर पायातच घुसतो.

गॅरेजवाल्याशी यांचा रोजचा वाद. तो म्हणायचा, "मिस्त्री, हा निव्वळ दागिना आहे. बिनगार्डचा माणूस घसरतो, उठतो, कपडे झटकून घरी जातो. तुमचा गार्डवाला रस्त्यात अडकून बसतो." यावर हे शांतपणे सांगायचे, "धडकणाऱ्याला उपयोग नाही, मान्य. पण उभी गाडी अंगावर आडवी झाली, तर पाय वाचवतो. तेवढंच त्याचं काम. ट्रकसमोर जाऊन छाती काढायला मी कुणाला सांगत नाही." गिऱ्हाइकालाही हेच सांगायचे. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं गार्ड न घेताच परत जायची.

आणि एक नियम. गार्ड एकदा वाकला की संपला. वाकताना त्याने आपला मार खाल्लेला असतो. तो सरळ करायचा नाही, भंगारात टाकायचा.

टायरवाल्याने गार्ड यांच्या अंगावर फेकला. "बघ! डोळे भरून बघ!"

यांनी तो उचलून उजेडात धरला. रक्ताळलेल्या हाताने पाइपावरून बोट फिरवत गेले. जिथे घडी पडली होती तिथे रंगाचे पापुद्रे उडाले होते, आणि खाली हातोडीचे ठोके उघडे पडले होते. बारीक, एकाला एक लागून. सगळे डावीकडे कललेले.

बोट तिथे थांबलं.

डावखुरी मी आहे. त्या दुकानात दुसरं कुणी नाही.

पाच-सहा आठवड्यांपूर्वीची दुपार. हे गॅसची टाकी आणायला गेले होते. पाववाला गाडी ढकलत आला. पहिल्यांदा पडला होता. पाय शाबूत, गार्ड वाकलेला. पावाचे क्रेट मागे बांधलेले, चेहरा रडवेला. "वहिनी, उद्या पहाटे फेरी आहे हो. गाडीवर पाय ठेवता येत नाही. थोडा सरळ करून द्या ना. मिस्त्रीदादांना सांगू नका, ते ओरडतील." मला नियम ठाऊक होता. पण समोरचा माणूस रडवेला झाला की मला नियम दिसत नाहीत, माणूसच दिसतो. हा माझा जुना आजार. मी वाळू भरली, पाइप लाल केला, ठोकून ठोकून सरळ केला आणि वर काळा रंग दिला. काम असं झालं होतं की मीच दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितलं. यांना बोलले नाही. कोण ऐकणार एक तासाचं भाषण!

मग या माराच्या दोनच दिवस आधी चौकात त्याची गाडी सिग्नलला उभी असताना टेम्पोने बाजूने रेटलं. वेग नाही, धडक नाही. उभी गाडी डाव्या अंगावर आडवी झाली, एवढंच. ज्या पडण्यासाठी गार्ड असतो, नेमकं तेच पडणं. आणि मी सरळ केलेला पाइप कागदासारखा आत मिटला. नडगी त्याच्या आणि इंजिनाच्या मधे. गाडी उचलायला चार माणसं लागली, आणि उचलताना तो जे ओरडला ते ऐकून त्यातल्या एकाने गाडी पुन्हा सोडली.

अपघाताचं हे सगळं नंतर कानावर आलं, पण पाय माझ्या हातामुळे गेला हे मला त्या एका बोटाकडे बघतानाच कळलं. यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच तर वाईट. मग टायरवाल्याकडे वळले.

"माझंच काम आहे," म्हणाले. "वाकलेला सरळ करून दिला मी. करायला नको होता."

"म्हणजे कबूल?"

"कबूल."

त्याने गार्ड हिसकावला. लाथ घालून यांना टेबलावर पाडलं. टेबलावरचे नट-बोल्ट खळाळून सांडले. मी मधे घुसले. "खोटं बोलतायत हे! मी केलंय ते! माझा हात आहे, मी डावखुरी आहे, ठोके बघ! मला मार!"

टायरवाला थांबला. गार्ड डोक्याच्या वर धरलेला. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. बाईवर हात उचलायची त्याला सवय नव्हती आणि उचललेला हात रिकामा खाली आणायचीही नव्हती. त्याने एका हाताने मला बाजूला सारलं आणि घाव घातला, यांच्या टेबलावर टेकलेल्या उजव्या मनगटावर.

आवाज आला. ओलं लाकूड मोडतं तसा.

माझ्या वाटणीचा घावही यांनाच बसला.

त्यानंतर टायरवाला जमिनीवर बसला आणि कपाळ गुडघ्यांवर ठेवून मोठमोठ्याने रडू लागला. "पाव कसा वाटेल तो आता? कसा वाटेल?" गॅरेजवाला गाडीमागून बाहेर आला आणि उगाचच नट गोळा करू लागला. मी तांब्याभर पाणी आणलं. आधी कुणाला द्यावं कळेना. जो जवळ होता त्याला दिलं. तो प्यायला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?"

"पडलो," हे म्हणाले. "गार्डवर."

मनगट सांधलं, पण वाकडं. बोटं आता एकमेकांना चिकटत नाहीत, मधे फटी राहतात. प्लास्टर काढलं त्या दिवशी मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"खोटं काय? दुकान माझं." मग म्हणाले, "आणि तू कशाला बोललीस? एक घाव वाचला असता."

त्याआधी मी पाववाल्याला भेटायला गेले होते. खाटेजवळ उभं राहून सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, यांची नाही." तो ऐकत होता. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडला. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकानात वाकलेले म्हणून पडलेले सात गार्ड होते. ते मी एकेक करून कटरखाली घातले, दोन-दोन तुकडे केले. ठिणग्यांनी हातावर फोड आले. हे स्टुलावरून बघत होते.

तेव्हापासून वेल्डिंग मी करते. वाकलेला गार्ड घेऊन कुणी आलं, "थोडा सरळ करून द्या ना" म्हणालं, की मी कटर सुरू करते.

पाच महिन्यांनी एका सकाळी पाववाला आला. मोटरसायकल तीच. मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं, गियर हाताने टाकायची सोय. ती गॅरेजवाल्याने करून दिलेली. मागे पावाचे क्रेट. थोरला भाऊ सोबत आला होता, पण रस्त्यापलीकडेच उभा राहिला, पाठ करून.

"वहिनी, नवा गार्ड पाहिजे. वाकला तर परत आणणार नाही."

गॅरेजवाला तेवढ्यात आलाच. "आता कशाला रे? चाकं लावलीत मी. पडणार कुठून?"

"पडणार नाही. पण बाजूने कुणी रेटलं तर?"

"बरं, मग उजवीकडे लाव. डावीकडे तर..." गॅरेजवाल्याने पुढचं गिळलं.

"दोन्हीकडे," पाववाला म्हणाला. "एकीकडेच बरा दिसत नाही."

यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसवून मोज."

तो गाडीवर बसला. मी गुडघे टेकले, नुसता वाकवलेला पाइप इंजिनाला लावून धरला. उजव्या बाजूला नडगी आणि पाइप यांच्यात चार बोटं घातली, खडूने खूण केली. मग डाव्या बाजूला आले. विजार गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली होती. माझा हात तिथेच थांबला.

"मोज ना," हे म्हणाले.

"कुठून?"

पाववाला खाली वाकला. बोटाने हवेतली एक जागा दाखवली.

"इथं होती, वहिनी."

मी तिथून चार बोटं मोजली आणि पाइपावर खूण केली.