ठरण्याआधीचा सत्कार

शाल अंगावर पडली तेव्हा माधवीच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली उतरला. मे महिन्यातल्या अकोल्यात माणसाला शाल पांघरणं हा सत्कार की शिक्षा, हे सांगणं अवघडच. पण वस्तीतल्या विहाराचं सभागृह गच्च भरलं होतं, दोन्ही कूलर नुसतेच घरघरत होते आणि विहार समितीचे अध्यक्ष श्यामराव गवई यांच्या हातात माईक आला होता. तो लवकर सुटणार नव्हता.

"बाबासाहेब बोटीनं गेले होते," श्यामराव म्हणाले, "आपली पोरगी विमानानं चालली. एवढाच फरक."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माधवीची आई कौशल्याबाई बसली होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी वाढण्यात तिचा जन्म गेला. कार्यक्रमात ती नेहमी दाराशी उभी राहायची, चपला सांभाळत. आज तिला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि ती तिथं अगदी ताठ बसून लेकीकडे बघत होती. माधवीला त्या नजरेचीच धास्ती वाटली, कारण तिनं इंग्लंडला जायचं अजून ठरवलंच नव्हतं.

माधवी सिरसाट पातूरच्या एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. रोजचं अकोला-पातूर अपडाऊन. बी.एड. झालं होतं, पुढं शिकायचं होतं, म्हणून तिनं दोन ठिकाणी अर्ज केले. एक अमरावतीला एम.एड.साठी आणि दुसरा इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात, शिक्षणशास्त्राच्या एका वर्षाच्या पदवीसाठी. दुसरा अर्ज जरा बघू तरी म्हणून केलेला. नेमका तोच आधी लागला आणि सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या यादीतही नाव आलं. तिनं घरात सांगितलं. तिचा भाऊ अंकुर मोबाईलच्या दुकानात कामाला. तिचा चहा संपायच्या आत त्यानं तिचा फोटो स्टेटसला टाकला आणि संध्याकाळी श्यामराव कार्यक्रमाची तारीखच घेऊन दारात आले. आमच्याकडे सत्काराला कारण लागतं, खात्री लागत नाही.

शेवटी माईक माधवीकडे आला. तिनं ठरवलं होतं, खरं ते सांगून टाकायचं.

"मी सगळ्यांची आभारी आहे," ती म्हणाली. "पण माझं जायचं अजून नक्की नाही. अमरावतीलाही प्रवेश मिळेल असं दिसतंय. मी विचार करते आहे."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सूत्रसंचालन करणाऱ्या कुंदननं तिच्या हातातून माईक जवळजवळ ओढलाच.

"पाहा, याला म्हणतात विनय. एवढी मोठी झाली, तरी ताई म्हणते, माझं नक्की नाही!"

त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या या वाक्याला पडल्या. माधवी खाली बसली. खरं बोलूनही खोटं पडता येतं, हे तिला नवीनच होतं.

चारआठ दिवसांनी ती अमरावतीला गेली. एम.एड.च्या वर्गाला शिकवणाऱ्या गावंडे मॅडमना तिनं एकच गोष्ट विचारली, आपल्या वर्गातल्या एका कोड्यावर इथं काम करता येईल का. तिच्या आठवीतली मुलं घरचं लग्न, बैलाची खरेदी, शेजारणीचं भांडण असं रंगवून सांगतात की ऐकणाऱ्यानं जेवण विसरावं. त्याच मुलांपुढे पुस्तक ठेवलं की चार ओळींत जीभ अडखळते. गेलं वर्षभर ती प्रार्थनेच्या आधी त्यांना त्यांच्याच बोलीतल्या गोष्टी फळ्यावर लिहायला लावत होती, मग वाचायला लावत होती. काही मुलं सुधारली होती, काही अजिबात नाही. का, ते तिला कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय चैन पडेल असं वाटत नव्हतं.

"हाच विषय घे," मॅडम म्हणाल्या. "पण पुस्तकातून करायचा नाही. तुझ्या पातूरच्याच शाळेत दोन वर्षं जाऊन बसायचं. शनिवारी सकाळची शाळा असते ना, तेव्हा जात जा."

इंग्लंडच्या लोकांनाही तिनं हे विचारलं होतं. फार भली माणसं. त्यांनी समजावून सांगितलं की प्रबंधाला उन्हाळ्यातले थोडेच महिने मिळतात, बहुतेक विद्यार्थी ग्रंथालयात बसूनच तो करतात, शैक्षणिक नेतृत्व हा विषयही तिला आवडेल. माधवीनं तो अभ्यासक्रम पुन्हा पुन्हा वाचला. वाईट काहीच नव्हतं त्यात. तिची आठवी तेवढी त्यात कुठं बसत नव्हती.

भीती नव्हती असं मात्र नाही. विमान, थंडी, इंग्रजीतून भांडायची पाळी आली तर काय, हे सगळं मनात येऊन गेलं. मी भिऊन तर मागे सरत नाही ना, असं तिनं स्वतःला खूपदा विचारलं. उत्तर दर वेळी एकच आलं नाही. पण परतीच्या गाडीत बडनेरा गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून शनिवारी काय काय करायचं त्याचीच जुळवाजुळव करतो आहोत. म्हणजे ठरलंच होतं.

आईला तिनं दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितलं. कुरडयांचा दिवस होता. गव्हाचा चीक चुलीवर चढला होता आणि कौशल्याबाई लाकडी दांड्यानं तो घोटत होत्या. त्यात हात थांबवता येत नाही, गुठळ्या होतात. माधवीनं तीच वेळ निवडली, त्यात थोडी लबाडी होती.

"माय, मी इंग्लंडले नाई जात. अमरावतीले एम.एड. करतो."

दांडा फिरतच राहिला.

"कोनं काई म्हनलं का तुले?"

"कोनीच नाई."

"माह्याच्यानं म्हनत असशीन तं मले काई होत नाई. अंकुर हाये."

"तुह्याच्यानं नाई व माय. मले जे शिकाचं हाये, थे इथंच हाये."

"लोकायले भेटत नाई, अन् तू सोडून राहिली." कौशल्याबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाबासाहेब गेले नसते तं आपन आज कुठीसा असतो?"

"थे शिकून वापस आले, माय."

"मंग तू बी ये ना वापस! कोन म्हनते तिकडेच राय म्हनून?"

 माधवीनं आठवीचं सांगितलं, फळ्याचं सांगितलं, गावंडे मॅडमचं सांगितलं. कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते चुलीच्या धुरानं नव्हतं.

"त्या दिवशी मले पुढच्या खुर्चीवर बसोलं होतं," त्या एवढंच म्हणाल्या. "आता मी कोनाले काय सांगू?"

माधवीला तोंडात मारल्यासारखं झालं. आई रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

उजाडल्यावर शेजारच्या पार्बताबाई मदतीला आल्या. गच्चीवर प्लास्टिक अंथरलं गेलं. पार्बताबाई सोऱ्या दाबू लागल्या, कौशल्याबाई चीक भरून देऊ लागल्या आणि माधवी प्लास्टिकच्या कडेवर विटा ठेवत राहिली.

"मंग कवा उडून राहिली तुही माधवी?" पार्बताबाईंनी विचारलं.

माधवीनं तोंड उघडलं. पण कौशल्याबाई आधी बोलल्या.

"कायचं काय, बाई. व्हिसाचं काई खरं नाई म्हनते."

"अगं माय! कावून?"

"आता त्याईचे कायदे. आपल्याले काय समजते."

हे इतक्या सहज आलं की जणू कौशल्याबाई महिनाभर तेच घोकत होत्या. वास्तविक व्हिसाचा अर्जच केलेला नव्हता. माधवी हातात वीट घेऊन उभी राहिली. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही, सोऱ्यात चीक तेवढा दाबून भरला. सरकारनं नाही म्हटलं तर त्यात लाज नसते. लेकीनं नाही म्हटलं, हे मात्र वस्तीत कुणाला समजावून सांगता येणार नव्हतं. माधवीला राग आला, फार आला. पण त्या बाईनं आयुष्यात कधी काही मिरवलं नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं.

कुरडया वाळेपर्यंत बातमी वस्तीभर झाली. श्यामराव स्वतः येऊन सांत्वन करून गेले, वर मंत्रालयात ओळख काढू का म्हणाले. अंकुर चिडला.

"ताई, लोकं म्हनून राहिले तुले नापास केलं. मी सांगतो त्याईले खरं."

"काई सांगू नको."

"कावून?"

"माय पानी भराले नळावर जाते," माधवी म्हणाली. "तू जातं का?"

अंकुरनं मोबाईल खिशात टाकला.

अमरावतीचा वर्ग सुरू झाला तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. वसतिगृहात जागा मिळाली. स्टेशनला जायला ऑटो दारात आला, तसे शेजारचे चारजण बाहेर आले. पार्बताबाई पुढे झाल्या. भल्या मनाची बाई, खोचकपणे विचारणारी नव्हे.

"माधवी, खरंच सांग व मले. कशानं अडला तुहा व्हिसा? कागद कमी पडला का?"

सगळे थांबले. कौशल्याबाई डब्याचं झाकण लावत होत्या. ते केव्हाच लागलं होतं, तरी त्या दाबत राहिल्या, मान वर न करता. ठरलं त्या दिवसापासून माधवीनं या प्रश्नाचं उत्तर मनात किती वेळा दिलं होतं. मला मिळत होतं, मी घेतलं नाही. साधं, छोटं वाक्य होतं, आणि ते तिचं होतं.

"हो, मावशी," ती म्हणाली. "कागदच कमी पडला."

"मंग दुसऱ्या खेपेले भेटते बरं. जीव नको बारीक करू."

"नाई करत."

ती ऑटोत बसली. कौशल्याबाईंनी डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचा हात धरला.  ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली, मागे पाहिलं आणि पुन्हा बंद केली, कारण म्हातारीनं हात सोडलेला नव्हता.