तारेच्या टोकाची दिशा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि असणाऱ्यांशी वाद घालायचंही मी सोडून दिलंय. एमएस्सीला विद्युतचुंबकत्व शिकवण्यात माझी हयात गेली, तरी आमच्या विभागप्रमुखांच्या गाडीला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची लागते. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? म्हणून तात्यासाहेब विभागात येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि "मॅडम, पोरगं अजून सांगावा धाडतंय," म्हणाले, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मनात म्हटलं, दुःखानं भल्याभल्यांचं डोकं फिरतं.

पोरगं म्हणजे त्यांचा मुलगा ऋतुराज, माझा विद्यार्थी. दिवाळी झाली आणि एका दुपारी मोटरसायकलवरून शेंद्र्याला घरी जाताना जालना रोडवर ट्रकखाली गेला. मी तिरसट म्हणून कॉलेजात प्रसिद्ध आहे, पण त्या पोरावर माझा जीव होता. वर्गात सगळे परीक्षेला काय येणार ते विचारायचे, हा एकटा विषयाचं विचारायचा.

डायपोल, म्हणजे लाटा सोडणारी सरळ तार, शिकवत होते तेव्हाचं आठवतं. मी सांगत होते की तारेत विद्युतभार मागंपुढं हलला की भोवतालचं क्षेत्रही हलतं. तारेजवळची ऊर्जा तारेकडं परत येते, अंगणात खेळणारं पोर हाकेसरशी घरात येतं तशी. पण थोडी ऊर्जा तुटते आणि लाट होऊन निघते. ती गेली ती गेलीच.

"मॅडम," ऋतुराज म्हणाला, "लाट निघाल्यावर मागं तार जळून गेली तर?"

"तरी लाट पुढं जाणार."

"तिला कळणारच नाय मागं काय झालं ते?"

"लाटेला काही कळत नसतं. खाली बस."

वर्ग हसला. तोही हसला आणि बसला.

तर तात्यासाहेब सांगत होते ते असं. ऋतुराजकडं हौशी रेडिओचा परवाना होता. घरी स्वयंपाकघराच्या फळीवर त्यानं एक रेडिओ बसवून दिला होता आणि छपरावर तार ताणली होती. संध्याकाळी कॉलेजातून निघताना तो खूण पाठवायचा: एक लांब, दोन आखूड, एक लांब. म्हणजे "निघालो". त्याची आई आवडाबाई, तिचे हात त्या वेळी पिठात असायचे, फोन उचलायचे वांधे. खूण ऐकली की ती तवा ठेवायची, आणि पोरगं दारात पोचेपर्यंत भाकरी तव्यावरून उतरत असायची. मायलेकरांचा हा रोजचा शिरस्ता होता.

"तो गेला दुपारी," तात्यासाहेब म्हणाले. "आमी दवाखान्यात. हिला बायांनी घरी नेलेली. अन् दिवस मावळताना रेडिओ वाजला, मॅडम. निघालो म्हणून. तवापासून हे चार महिनं रोज वाजतोय."

"रोज?"

"रोज. ती रोज तवा ठिवती, त्याची भाकरी करती अन् बसून राहती. तो आल्यावर जेवीन म्हनती. सकाळच्याला घोटभर चहा अन् जरासं काय खाईल तेवढंच. लई वाळली. कुनी तिला येडी म्हनंल त्याची मला फिकीर नाय. पन ही बी जाईल माझी. तुमी त्याच्या मास्तरीनबाई, ते बंद करा."

त्याच संध्याकाळी मी शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या माझ्या घरी रिसीव्हर लावला. मी एकटी राहते, त्यामुळे कशाला काय लावलं म्हणून विचारणारं कुणी नाही. ऋतुराजची फ्रिक्वेन्सी मला माहीत होती. उन्हं गेली, दिवे लागले, अंधार पडला. खरखरीशिवाय काहीही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तात्यासाहेबांना फोन करून सांगितलं की हवेत काहीही नाहीये, आवडाबाईंना डॉक्टरांकडं न्या.



"मॅडम," ते म्हणाले, "मलाबी ऐकू येतंय की."

रविवारी मी शेंद्र्याला गेले. त्यांची निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्याच्या कडेला घर आहे. मागं ज्वारीची धसकटं आणि त्यापलीकडं कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांचे उतार. आवडाबाईंनी मला पाट दिला. माझ्याहून लहान बाई, पण मनगटावरून बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. त्या परातीत पीठ मळत होत्या आणि माझ्याशी अगदी शहाण्यासारखं बोलत होत्या, पाऊसपाणी, गावचं, माझ्या तब्येतीचं. मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

बाहेरचा उजेड पिवळा झाला, मग राखी झाला. फळीवरचा रेडिओ खरखरत होता.

मग तो वाजला. एक लांब. दोन आखूड. एक लांब.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज स्वच्छ होता, हात पक्का होता, आणि ती लांब खूण थोडी जास्तच ओढायची त्याची खोडसुद्धा तीच होती. प्रयोगशाळेत मी त्याला त्यावरून टोकलं होतं. आवडाबाईंनी मान वर केली नाही. तवा चुलीवर ठेवला, भाकरी टाकली आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

"निघाला," त्या म्हणाल्या.

तात्यासाहेब उठून अंगणात गेले.

"मॅडम, तुमाला एक इचारू?" आवडाबाई म्हणाल्या. "तो म्हनायचा, लाटेला यायला येळ लागतो. आपुन ऐकतो ते आत्ताचं नसतंय, मागचं असतंय. खरंय का?"

"खरं आहे."

"मंग त्या दिवशी दुपारी त्यानं धाडलं आसंल, अन् ते दिवस मावळताना पोचलं आसंल. आसं व्हतं का?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यांचा चेहरा हो ऐकायला थांबला होता. पण संभाजीनगरहून शेंद्र्याला यायला लाटेला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तेवढ्यात ती पृथ्वीला फेरे मारेल.

"नाही होत," मी म्हटलं. "इतका उशीर नाही लागत."

"म्हंजी धाडलं तवाच पोचलं."

"हो."

"मंग दुपारी गेला त्यानं मावळतीला कसं काय धाडलं?" त्यांनी भाकरी उलटली. "मी येडी नाय, मॅडम. मला दिसलाय तो, सगळं केलंय त्याचं. पन निघालो म्हनतोय तर मी घास कसा गिळू?"

 विज्ञानानं मला त्या चुलीपुढं तोंडघशी पाडलं होतं, आणि मला राग आला, तो असा की मी तडक उठून छपरावर गेले.

खूण थोड्या थोड्या वेळानं येत होती. मी तारेचं एक टोक सोडलं आणि ती हळूहळू फिरवायला लागले. खालून तात्यासाहेब आवाज कमी होतो की जास्त ते ओरडून सांगत होते. सरळ तारेला टोकाच्या दिशेनं काही ऐकू येत नाही. कुशीला, म्हणजे आडव्या बाजूला, सगळ्यात जास्त, टोकाला शून्य. त्यामुळे हरवलेलं स्टेशन शोधायचं तर तार फिरवत जायचं, आणि जिथं आवाज मरतो तिथं टोकाच्या रेषेत बघायचं. ते तिथंच असतं.

"गेला!" तात्यासाहेब ओरडले. "मॅडम, गेला आवाज!"

टोक पश्चिमेकडं होतं, चिकलठाण्यावरून थेट शहराच्या पोटात. आतून आवडाबाईंचा आवाज आला, "आरं, कुनी बंद केला?" आणि मी घाईनं तार पहिल्यासारखी बांधून टाकली.

परतताना एसटीत मी विचार करत होते. शेंद्र्याला एवढं खणखणीत येतं, मग हर्सूलला काहीच का नाही? आणि विमानतळाच्या भिंतीशी गाडी आली तेव्हा मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. जे ऐकणाऱ्या तारेचं, तेच बोलणाऱ्या तारेचं. कुशीला सगळं, टोकाला शून्य. पाठवणारी तार दक्षिणोत्तर असेल तर तिची कूस शेंद्र्याकडं आणि टोक उत्तरेला, माझ्या घराकडं. मी त्याच्या तारेच्या टोकाला राहत होते. माझ्या घरातली शांतता हीच दुसरी रेघ होती, घरापासून थेट दक्षिणेला जाणारी, आणि दोन्ही रेघा आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एकमेकींना छेदत होत्या.

सोमवारी गच्चीची किल्ली मागून घेतली. पाण्याच्या टाक्या, गंजलेल्या खुर्च्या, केबलवाल्यांच्या गुंडाळ्या. दोन टाक्यांमध्ये तार ताणलेली, दक्षिणोत्तर, कुणाच्या नजरेत भरणार नाही अशी. मध्यावरून खाली उतरलेली केबल एका डब्यात गेलेली. डब्यावर हाताएवढं सौर पॅनल, आणि वरच्या बाजूला प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर. मी त्यावर तळहात धरला. आत रिलेचा खटका कट्कन वाजला आणि छोटा दिवा लुकलुकला. एक लांब, दोन आखूड, एक लांब.

दिवस मावळला की डबा आपोआप, थोड्या थोड्या वेळानं म्हणत होता, निघालो. त्याचीच एकदा नोंदवून ठेवलेली खूण.

मी टाकीच्या सावलीत खाली बसले आणि तिथं एकटीच रडले. मग तात्यासाहेबांना फोन लावला आणि आवडाबाईंना द्यायला सांगितलं. सगळं जसं होतं तसं सांगितलं: ते यंत्र आहे, ऋतुराजनंच बसवलंय, अंधार पडला की ते बोलतं, तो असो वा नसो.



"म्हंजी तो निघाला नसला तरी निघालो वाजायचं?"

"हो. विसरायचा असेल, तुम्ही काळजी करत बसाल म्हणून केलं असणार."

"तरीच!" आणि त्या चक्क हसल्या. "तरीच येईस्तोवर भाकरी गार व्हायची. पोरांसंग चहा ढोसत बसायचा आसंल. लबाड मेला." तो शब्द तोंडातून गेला आणि हसू मध्येच तुटलं. मागून तात्यासाहेबांचा आवाज येत होता, मॅडम, बंद करून टाका ते.

"करू बंद?" मी विचारलं. माझा हात वायरवर होता. खरं म्हणजे नियमानं ते करायलाच हवं होतं. परवाना त्याचा, आणि माणूस नसताना नुसता डबा बोलत राहणं बेकायदेशीर. मी वर्गात हे ठासून सांगते.

"नगा," त्या म्हणाल्या. "नगा हो. एकदा त्याला मी जाळून आले, मॅडम. दुसऱ्यांदा त्याचं तोंड बंद करा म्हनायला माझी जीभ उचलत नाय."

"मग काय करू?"

"तुमी काल तार फिरवली अन् आवाज गेला. तशी त्याची फिरवा. तो बोलू दे. माझ्याकडं नको." मग त्यांनी विचारलं, "तिकडनं फिरवली की मंग कुनाला ऐकू जाईल?"

मी उत्तरेकडं बघितलं. उन्हाच्या झळांमागं हर्सूलची घरं होती.

"मला," मी म्हटलं.

"मंग बरंय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तार सोडली आणि पूर्व-पश्चिम बांधली. टोक शेंद्र्याकडं, बरोबर रेषेत. दोनदा खात्री केली. संध्याकाळी घरी आले, रिसीव्हर ओट्यावर ठेवला आणि स्टूल ओढून बसले. खिडकीतला उजेड हळूहळू गेला. मग खरखरीतून ते आलं, माझ्याच स्वयंपाकघरात, अगदी जवळ. एक लांब. दोन आखूड. एक लांब.

फोन वाजला. आवडाबाई होत्या.

"हितं काय वाजलं नाय," त्या म्हणाल्या. "तिकडं आला का?"

"आला."

"नीट आला ना?"

"नीट आला."

"बरं झालं." त्यांनी नाक ओढलं. "मी घेते आता चार घास. ह्यांनी ताट वाढलंय. तुमी त्याला गरम करून घाला, मॅडम. गार खात नाय तो."

मला धड भाकरी थापता येत नाही. मी डब्यातून पीठ काढलं आणि तवा गॅसवर ठेवला.