ऑस्टिनची पोथी

या, जरा पुढे सरका. मागे बसलेल्याला गोष्ट अर्धीच पोचते, आणि आजची गोष्ट अर्धी घेऊन घरी जाण्यासारखी नाही. गोष्ट एका मोटारीची आहे आणि तिच्या पुस्तकांची आहे. पण टाळ आणले असतील तर ते मांडीवरच राहू द्या, कारण या मोटारीला कीर्तनालाच जायचं आहे.

कुरुंद्याच्या संतरामाचं पोट हळदीवर आणि जीव कीर्तनावर. सप्ताहातला काल्याचा दिवस म्हणजे त्याची दिवाळी, आणि काल्याचं कीर्तन म्हणजे जवळा बाजारच्या भिकाबाई महाराज. बाई वीणा घेऊन उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतली झोपलेली लेकरंसुद्धा डोळे चोळत उठायची. पण गुडघ्यांनी दावा मांडला आणि बाईंचं येणं बंद झालं. मध्ये दोन वर्षं सप्ताहात दुसऱ्यांची कीर्तनं झाली. चांगली झाली. संतराम घरी आला, जेवला, झोपला. एवढंच.

यंदा सप्ताहाला महिना-दीड महिना असताना तो बाईंच्या दारात जाऊन बसला.

"माय, औंदा काल्याला या."

"गळा येतो रे लेकरा, गुडघे येत न्हाईत. जीपवर चढावं तर शिडी लागती. त्या बुटक्या गाड्यांत बसावं तर उठवायला चार माणसं. तुझ्या बापाच्या गाडीत कसं, खुर्चीवर बसल्यावानी बराबर बसता येत होतं. ती गाडी मोडीत घातलीस व्हय?"

"न्हाई माय. हाय."

"चालती का?"

संतरामानं एकदा बाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यात टेकवलेल्या वीण्याकडे पाहिलं. "चालंल," तो म्हणाला.

"मग मी येते. तारा नव्या लावून घेते."

घरी ही बातमी ऐकून त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, भाकरी थापता थापता हात थांबवले. "अवो, त्या गाडीत कोंबड्या अंडी घालून राहिल्या. आन तुमी शब्द देऊन आलाव?"

खरंच होतं. वसमतच्या एका जिनिंगवाल्याकडून संतरामाच्या वडिलांनी घेतलेली ती जुनी ऑस्टिन हळद शिजवायच्या कढईमागे, पत्र्याखाली उभी होती. वडील गेल्यापासून तिला कुणी हलवलं नव्हतं. पण आता शब्द गेला होता, आणि तो भिकाबाईंना गेला होता. त्या तारा लावून वाट बघणार आणि दारात गाडी यायची नाही, या विचारानंच संतरामानं लगोलग मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

वसमतचा मिस्त्री बाबूसिंग आला. त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, खोलून देतो. पण असलं इंजन माझ्या हाताखालून गेलं न्हाई. कोणता नट किती आवळायचा, कुठं किती फट ठेवायची, अंदाजानं केलं तर मोडंल. ह्याचं पुस्तक असतंय. ते आणा, मग जोडू."

पुस्तक म्हटल्यावर संतरामाचा चेहरा उजळला. कोणत्याही तकलीफीवर कुठली ना कुठली पोथी असतेच, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. फक्त ही पोथी इंग्रजीत होती. म्हणून तो वसमतला भीमराज सरांकडे गेला. सर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, शाळेत संतरामाच्या बाकावरचे.

"तुझ्या देवाला सगळ्या भाषा येतात म्हणतोस," सर म्हणाले, "मग मी कशाला लागतो?"

"त्याला येती. मला येत न्हाई ना. म्हणून त्यानं तुला शाळेत घातला."

सरांनी हैदराबादच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला गाठलं, गाडीच्या पाटीवरचं साल कळवलं. माणूस दिलदार होता. त्यानं चार पुस्तकं बसनं पाठवली आणि निरोप दिला, पसंत पडतील ती ठेवा, बाकीची लगेच परत करा.

सरांच्या पलंगावर चारी पुस्तकं मांडली गेली. संतराम हातपाय धुऊन बसला. पहिलं होतं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं. त्यात त्या काळच्या सगळ्या नामांकित मोटारी होत्या आणि ऑस्टिनचा तर मोठा अध्याय होता. दुसरं स्तोत्राएवढं बारकं, गाडी विकत घेणाऱ्याला कंपनी देते ते. तिसरं कारखान्यातलं, गाडी खोलायची-जोडायची कशी हे सांगणारं. पण त्याची दशा काय सांगावी. पुठ्ठा उसवलेला, पानं काळी, तेलाच्या बोटांनी बरबटलेली, काही पानं एकमेकांना चिकटलेली. चौथं सुट्या भागांचं, नुसत्या रेघांची चित्रं आणि आकडे, आणि तेही तसंच कळकट.

संतरामानं तिसरं दोन बोटांनी उचललं आणि खाली ठेवलं. "भीमा, ह्याला हात लावू वाटत न्हाई. पोथी कशी सोवळ्यात ठेवल्यावानी पायजे. ज्यानं ही पोथी अशी ठेवली, त्यानं गाडी कशी ठेवली असंल?"

सरांचं लक्षच नव्हतं. ते जाड पुस्तकात बुडाले होते. "संत्या, भाषा बघ याची. दिव्याच्या उजेडात बॉनेटवरून हात फिरवावा तशी भाषा."

झालं. जाड आणि बारकं ठेवलं, मळकी दोन्ही परत गेली. संतरामानं जाड पुस्तक लाल कापडात बांधून देवघरात ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. सर येतील त्या संध्याकाळी तो उदबत्ती लावून समोर बसे आणि ते मराठीतून सांगत. चतुराबाई दळण निवडता निवडता ऐके आणि कधीकधी हसू दाबी.

इकडे बाबूसिंगानं गाडी खोलली. पोत्यांवर इंजनाचे तुकडे असे मांडले गेले की बाजार भरलाय असं वाटावं. मग एका सकाळी तो म्हणाला, "सर, आता क्लचचं वाचा."

सरांनी लाल कापड सोडलं, पानं उलटली. आधी मोठ्यानं, मग हळू, मग मनातल्या मनात.

"काय लिवलंय?" संतरामानं विचारलं.

"ही मोटार रस्त्यानं निघाली की दोन्ही बाजूच्या खिडक्यांत पोरी येऊन उभ्या राहत, असं आहे."

"बरं. पुढं?"

"पुढं त्या पोरींचंच आहे." सरांनी पुस्तक मिटलं. "संत्या, यात क्लच नाही. ब्रेक नाही. मी भाषेला भुललो."

बारक्या पुस्तकात कुठं कोणतं तेल घालायचं ते सगळं होतं, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक अडचणीला एकच उत्तर होतं, गाडी कंपनीच्या जवळच्या कारखान्यात न्यावी. तो कारखाना कुठल्या देशात आणि कुठल्या काळात होता कोण जाणे.

मारुतीच्या देवळापुढे मांडवाचे बांबू येऊन पडले होते. त्याच दुपारी भिकाबाईंचा फोन आला. "संतराम, तारा लावल्या रे. गळाबी मोकळा करून ठेवलाय. गाडी कधी पाठवतोस?" संतराम म्हणाला, काल्याच्या सकाळी, माय. फोन ठेवला आणि तो पोत्यांवरच्या तुकड्यांत तसाच बसून राहिला. या पसाऱ्यातून गाडी उभी राहिली नाही, तर बाईंचा आवाज आता कानात साठवलेला तेवढाच.

चतुराबाई चहा घेऊन आली. "काहून असे बसलाव?"

त्यानं सांगितलं.

"परत पाठवलेल्यात काय व्हतं?"

"खोलायचं-जोडायचं व्हतं म्हणं. पण लई मळकं."

चतुराबाई कप हातात देऊन समोरच बसली. "भिकाबाईंची पोथी बघितलाव कधी? जवळून?"

"मांडवातनं."

"मी बघितलीय. त्यांच्या घरी पीठ मळू लागले व्हते तवा. दिव्याचं तेल, बुक्का, तंबाखूचा अंगठा, काय न्हाई त्या पानांवर. मी म्हणलं, बाई, नवी काहून घेत न्हाईत? तर म्हणल्या, जी पानं मी गाते ती अशी हायेत. कोरी दिसती ती मला गाताच आली न्हाईत."

संतरामानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग त्यानं सरांना फोन लावला आणि सरांनी हैदराबादला.

"अरे साब," दुकानदार म्हणाला, "वो दोनों मैली वाली आपने वापस करी तो मैं सोचा गाडी बेच दिए होंगे. यहींच रखी है. आज की बस में डालता."

दुसऱ्या दिवशी दोघे मित्र वसमतच्या स्टँडवर बस यायच्या आधीच हजर. ऑस्टिनच्या पत्र्याखाली खरं पारायण सुरू झालं ते त्या दिवसापासून. सर वाचत, बाबूसिंग करत, संतराम पाना देत. लवकरच सरांच्या ध्यानात आलं की डागांना अर्थ आहे. जिथं पान कोरं, तिथं गाडी सहसा अडत नाही. जिथं काळं, तिथं आधीचा माणूस पुन्हा पुन्हा आलेला. ब्रेकचा अध्याय तर इतका काळा की अक्षरं उन्हाला धरून वाचावी लागली.

"इथं बिचारा लई रडलाय," संतराम म्हणाला, आणि मग ब्रेक सगळ्यांत आधी, सगळ्यांत नीट केले गेले. जुनी रबरं गेलेली होती. सुट्या भागांच्या पुस्तकातल्या मापावरून बाबूसिंगानं दुसऱ्या गाडीची रबरं शोधून बसवली. त्या पुस्तकाचा त्याला फार आनंद झाला.

"सर, ह्यात इंग्रजीच न्हाई, नुसती चित्रं. तुमी च्या प्या."

एका जागी मात्र संतराम अडला. सर वाचत होते, "जोडताना हेच सगळं उलट्या क्रमानं करावं."

"उलट्या? म्हंजे शेवटच्या ओवीपासून पयलीकडं? असं वाचत न्हाईत भीमा, दोष लागतो."

"वाचायचं मला आहे. दोष मला लागू दे. तू बोल्ट धर."

काल्याच्या सकाळी बाबूसिंगानं हँडल मारलं. गाडी खोकली. पुन्हा मारलं, काळा धूर आला, कोंबड्या पळाल्या. तिसऱ्यांदा मारलं आणि ऑस्टिन सुरू झाली, सुरूच राहिली. संतरामानं तिच्यापुढे नारळ फोडला आणि अर्धी वाटी त्या तेलकट पुस्तकापुढे ठेवली. सर म्हणाले, आता पुस्तकाला खोबरं चार. पण त्यांचेही डोळे ओले होते.

संतराम गाडी चालवायला, शेजारी सर, मांडीवर पुस्तक उघडं. मागे चतुराबाई, बाईंना धरून बसवायला म्हणून. भिकाबाई ओट्यावर वीणा घेऊन तयारच होत्या. दार उघडलं, चतुराबाईनं कमरेत हात घातला आणि बाई पुढच्या सीटवर खुर्चीवर बसल्यासारख्या बसल्या. सीटवर हात फिरवून म्हणाल्या, "तीच हाय रे."

मग बाईंचा मृदंगवाला आला, त्याचा मृदंग आला, टाळकरी दोघे आले. पुढची जागा गेलेली, सर मागे सरकलेले. मागे एका माणसाची जागा कमी पडली. सर उतरायला लागले तशी चतुराबाईनं दार लोटलं.

"तुमी न्हाई, सर. गाडी मधीच थांबली तर वाचील कोण? व्हा पुढं. मी येष्टीनं येते."

गाडी मांडवापाशी येऊन उभी राहिली तेव्हा अख्खं गाव वळलं. भिकाबाईंनी वीणा छातीशी घेतला. पहिल्या दोन ओळी आवाज जरा चिरका आला, तिसऱ्या ओळीला तो मोकळा झाला आणि मग बांबूसुद्धा डोलत आहेत असं वाटलं. संतराम टाळ वाजवत होता, नखांतलं ग्रीस टाळांना लागत होतं, आणि तो रडत होता की हसत होता हे शेजाऱ्यालाही कळलं नाही. बाबूसिंग गाडीला टेकून उभा होता. कीर्तनाला कधी न येणारे सर बाजूच्या खांबाला पाठ लावून, पुस्तक काखेत धरून, शेवटपर्यंत ऐकत राहिले.

एस.टी. त्या दिवशी उशिरा आली. चतुराबाई मांडवात पोचली तेव्हा दहीहंडी फुटली होती, कीर्तन संपलं होतं, लोक काला घेऊन उठत होते. तिनं पदर खोचला आणि पंगतीत वाढायला लागली. संतरामानं तिच्या ओंजळीत काला ठेवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आवाज कसा लागला व्हता?" आणि तो सांगू लागला.

तर मंडळी, माझं मागणं थोडं आहे. कुठं कीर्तनाला बसाल, गाणाऱ्याचा गळा लागलेला असेल, तुमचे हात आपोआप टाळीला उठतील, तेव्हा जवळा बाजारच्या थांब्यावर एस.टी.ची वाट बघत उभी असलेली चतुराबाई आठवा. एक टाळी तिच्यासाठी द्या.