पदरचं वाक्य

सोमवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या केंद्रात सर्बियातल्या नोवी साद शहरातली वीस-पंचवीस तरुण पोरं जमतात. आधी प्रार्थना, मग धर्मग्रंथातला छोटासा धडा, मग माझं सूप आणि शेवटी टेबल टेनिसवरून आरडाओरडा. निम्मी देवासाठी येतात, निम्मी सुपासाठी. कोण कशासाठी ते मी विचारत नाही. माझा नवरा व्हर्ल जन्मभर अमेरिकेत, आयडाहोत, बटाटे पिकवून निवृत्त झाला आणि आता चर्चच्या सेवेत, छातीवर नावाची काळी पट्टी लावून, इथे बटाटे सोलतो. पोरं त्याला 'देदा' म्हणतात, म्हणजे आजोबा. या एका शब्दावर तो असा विरघळतो की विचारू नका. आमची पंचाईत तिथूनच सुरू झाली.

वुकाशिन हा त्यातला सगळ्यात शांत मुलगा. बाप लहानपणीच गेलेला. आई देसांका पोटाच्या कॅन्सरनं घरी पडून. तिचा आमच्या चर्चवर काडीचा विश्वास नाही, पण मुलगा वाईट संगतीला लागला नाही एवढ्यावर ती खूश होती. त्याला चर्चकडून धर्मप्रचाराच्या सेवेसाठी स्कॉटलंडचं बोलावणं आलं, दोन वर्षांसाठी. आमच्यात सेवेवर गेलेलं पोर घरात कुणी वारलं तरी सहसा परत येत नाही. तिथंच रडतं आणि पुन्हा कामाला लागतं. म्हणून एका सोमवारी सगळे पांगल्यावर वुकाशिन मागे थांबला.

"देदा, मला आशीर्वाद द्या," तो म्हणाला. "जाऊ की राहू, काही कळत नाही."

आमच्याकडे आशीर्वाद म्हणजे तोंडाला येईल ते बोलणं नव्हे. डोक्यावर हात ठेवायचे, थांबायचं, आणि वरून जे सुचवलं जाईल तेवढंच बोलायचं. काहीच सुचलं नाही तर देवाचं तुझ्यावर प्रेम आहे एवढं सांगून आमेन म्हणायचं. व्हर्ल खुर्ची मांडत होता तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हटलं, "पोराचा जीव टांगणीला लागलाय. काहीतरी चांगलं बोल हं."

तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "तू परत येशील तेव्हा तुझी आई दारात उभी असेल."

वुकाशिनचे खांदे हलायला लागले. मी एप्रननं डोळे पुसले आणि किती छान झालं असं मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून व्हर्लचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला वाटलं, पित्त झालं असेल. आठवडाभरानं भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "नेड्रा, ते वाक्य माझं होतं."

"कुठलं?"

"दारात उभी असेल, ते. वरून काही आलं नव्हतं. मी थांबलो, थांबलो. मग त्याची ती बारीक मान दिसली, तू म्हणालीस ते आठवलं, आणि घातलं पदरचं."

"म्हणजे खापर माझ्या डोक्यावर फोडतोस?"

"फोडत नाही. जे झालं ते सांगतोय."

मी भांडले. फडकं आपटलं, दोन दिवस तुटक बोलले. माझाही त्यात वाटा होता, म्हणूनच एवढी चिडले. तिकडे वुकाशिननं सूट शिवायला टाकला, विमानाचं तिकीट काढलं. रविवारी चर्चमध्ये उभा राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं की त्याची भीती गेली आहे. पोरं त्याच्या पाठीवर थापा मारत होती आणि मला बसल्या जागी घाम फुटला होता. सोमवारी त्याला सूप वाढताना मी त्याच्या वाडग्याकडे बघितलं, तोंडाकडे नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "त्याला सांगून टाक."

"आणि मग?"

"मग तो ठरवील. सध्या त्याचं आपणच ठरवून बसलोय."

व्हर्ल म्हणाला, सांगायचं तर आईसमोरच, कारण वाक्य तिच्याबद्दलचं होतं. मला ते पटलं. प्रामाणिक माणसाला शोभेल असंच वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही चार मजले चढून वुकाशिनच्या घरी गेलो. देसांका उशांना टेकून बसली होती. रुमाल बांधलेला, हाताच्या नुसत्या काड्या, पण जीभ शाबूत. वुकाशिनकरवी तिनं आमच्यापुढे तिकडच्या रिवाजाप्रमाणे चेरीचा मुरंबा आणि पाण्याचे ग्लास ठेवले.

"कॉफी नाही, वाइन नाही," ती म्हणाली. "मग तुम्ही लोक जगता तरी कशाला?"

वुकाशिननं हसत भाषांतर केलं. व्हर्ललाही हसू आलं. मग ती म्हणाली, "तुमचा देव मला ठाऊक नाही, देदा. पण तुम्ही ते बोललात तेव्हापासून मला झोप लागते. गोळी न घेता. हा परत आला की काय रांधायचं तेसुद्धा ठरवून ठेवलंय मी."

मला व्हर्लची बाही ओढावीशी वाटली. ओढली नाही. व्हर्लनं चमचा खाली ठेवला आणि एका दमात इंग्रजीत सगळं सांगितलं: ते शब्द वरून आले नव्हते, दया आली म्हणून तो बोलला, दोन वर्षांनी काय होईल ते त्याला माहीत नाही. सांगताना त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

वुकाशिनचा चेहरा पांढराफटक पडला. तो आईकडे वळला. "देदा म्हणतात, चेरी छान झाल्यात." एवढं सर्बियन मला आता समजतं.

"चेरी खाऊन म्हातारे रडत नाहीत," देसांका म्हणाली. "नीट सांग."

त्यानं सांगितलं. मान खाली घालून, अगदी थोडक्यात. मग सर्बियनमध्येच आम्हाला म्हणाला, "मी जात नाही."

"तू गप्प बस!" ती त्याच्यावर खेकसली. मग व्हर्लकडे बघून सावकाश बोलली. मलाही कळावं, इतकं सावकाश. "देदा, खोटं तुम्ही बोललात. मग ते तुम्हीच सांभाळायचं होतं. मला माहीत नव्हतं का मी कशी आहे ते? तरी मी झोपत होते. ते का काढून घेतलंत?"

व्हर्लनं माझ्याकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं, आणि वुकाशिननं आमच्यासाठी दार उघडलं.

जिन्यात आम्ही कठडा धरून उतरत होतो. वरून वुकाशिनचा आवाज येत होता, आईची समजूत काढणारा. तिचा येत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर व्हर्ल थांबला.

"नेड्रा, मला हलकं वाटतंय गं," तो म्हणाला आणि चोरी पकडली गेल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

त्याला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर मलाही हलकं वाटत होतं, आणि कित्येक दिवसांनी मला कडकडून भूक लागली होती.