आत्याची निरगाठ

वारा वाढला तशी होडी एका कुशीवर कलली. सुकाणूवरून आत्या ओरडली, "बघतेस काय? आखड शीड!"

भाची डोलकाठीकडे सरकली. आत्याची बोटं वाकडी होत चालली होती, एकटीला शीड ओढवत नव्हतं. उद्या होडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. "भर वाऱ्यात तू शीड आखडलंस, तर त्याला दारातूनच परत पाठवीन," असं आत्यानेच कबूल केलं होतं.

भाचीने दोर ढिला करून शीड थोडं उतरवलं. पुढचा कोपरा डोलकाठीच्या आकड्यात अडकवला, मागचा कोपरा आडव्या वाशाच्या टोकाशी ताणून बांधला, आणि शीड पुन्हा ताठ ओढलं. होडी सावरली. खाली उरलेलं सुटं कापड मात्र कडेवरून उतरू पाहणाऱ्या पोरासारखं हातपाय झाडत होतं. तिने ते गुंडाळलं, शिडाला शिवलेले बंद त्याच्याभोवती घेतले आणि करकचून आवळायला लागली.

"अगं ए, चोर पकडलायस का? मुसक्या कसल्या बांधतेस! ताण ते दोन कोपरे सोसतात. बंदांनी कापडाला नुसतं कुशीत घ्यायचं. आणि सुरगाठ मार, एका ओढीत सुटेल अशी."

"तू सुकाणू बघ ना!"

"तेच बघतेय. तोंड रिकामंच आहे."

शेवटचा बंद आत्याच्या डोक्याशी लोंबत होता. "हा माझा," म्हणत तिने सुकाणू काखेत धरलं आणि गुणगुणत बराच वेळ खटपट केली.

*वाऱ्या रे भावा, हळू ये माझ्या दारी,*
*निजलं शिडाचं बाळ, नको उठवू दुपारी.*

डोंगराच्या आडोशाला आल्यावर वारा पडला. "सोड आता," आत्या म्हणाली. भाचीने बंद ओढले, ते फुलासारखे सुटत गेले. शेवटचा सुटेना. निरगाठ! तशीच ठेवून शीड वर ओढलं असतं, तर तिथूनच टरकन फाटलं असतं.

आत्या किनाऱ्याकडे बघत होती, जरा जास्तच लक्ष देऊन.

भाचीने गाठीला दात लावले. जिभेवर खारट चव आली, मग गाठ सैल झाली.

"सुटली?"

"सुटली. वाऱ्याने आवळली होती."

"वाऱ्याला कशाला बोल लावतेस? बोटंच ऐकत नाहीत गं माझी."

"मग त्यांना सुकाणू दे. बंद माझे."

आत्याने नाक ओढलं. "गिऱ्हाइकाला काय सांगू उद्या?"

"सांग, शीड फाटकं आहे."

"माझ्या शिडाला फाटकं म्हणतेस, भवाने? ओढ वर!"

भाचीने कोपरे मोकळे केले आणि दोर ओढला. घडीतलं कापड उलगडत वर गेलं, त्यावर सुरकुत्या होत्या, पण ओरखडा नव्हता. आत्याने सुकाणू घराकडे वळवलं. मघाचंच गाणं तिने पुन्हा धरलं, फक्त या वेळी बाळाला उठवायचं.