अनुमोदनाला कुणी नाही

मर्विन डोलेझल गावच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या बोर्डावर निवडून आला तो निव्वळ थट्टेत. एक जागा रिकामी, उभं राहायला कुणी तयार नाही, आणि रोज सकाळी कॅफेत "शाळा आपला पैसा उधळते" म्हणत टेबल बडवणारा हा गडी. मित्रांनी मतपत्रिकेवर हातानं त्याचंच नाव लिहिलं. उंटावरून शेळ्या हाकतोस ना, मग उतर खाली आणि हाक. मूठभर मतं पडली, समोर कुणीच नव्हतं, झाला निवडून.

आणि गड्यानं बोलल्याप्रमाणे केलंही. शाळेत मिसेस हॉग म्हणून बाई होत्या. वाचनात मागे पडलेल्या पोरांना एकेक करून जवळ घेऊन शिकवायच्या. "वर्गावर एक बाई असताना ही दुसरी कशाला?" म्हणत मर्विननं बोर्डात ठराव आणून त्यांची जागाच काढून टाकली. फुटबॉलच्या मैदानावरचा नवाकोरा गुणफलक मात्र राहिला. त्याला हात लावला असता तर गावानं ह्याला कच्चा खाल्ला असता. शाळेसाठी गावाला भरावा लागणारा कर जरासा उतरला. कॅफेत आठवडाभर त्याला कॉफीचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत.

दोन वर्षांनी निकाल हातात आले. तिसरीची निम्मी पोरं वाचनात नापास, आणि त्यात मर्विनची नात टेसा. पोरगी पुन्हा तिसरीत बसणार, असं शाळेनं कळवून टाकलं. तिनं आजोबांवर रुसायला हवं होतं, पण तिला काय ठाऊक? ती येऊन त्यालाच बिलगून बसायची, आणि त्याला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

बोर्डाच्या सभेचा एक नियम आहे. लोकांनी माइकवर येऊन तीन मिनिटं काय ते बोलावं. बोर्डानं ऐकून घ्यावं, उत्तर देऊ नये. एरवी मर्विनला हा नियम फार सोयीचा वाटायचा. त्या सोमवारी माइकवर त्याची मुलगी रोंडा आली.

"पहिलीत माझी टेसा अडखळायची," ती म्हणाली. "मिसेस हॉग तिला घेऊन बसायच्या. हळूहळू जमायला लागलं होतं. मग तुम्ही त्या बाईंना घालवलंत. वाचवलेल्या पैशाचा हिशेब दर सभेत वाचून दाखवता, माझ्या पोरीचा हिशेब कोण देणार? बाईंना घालवायला कुणाकुणाचा हात वर होता, एवढं तरी सांगा."

सांगणार कसं? नियमानं तोंडाला कुलूप. पोटची पोर समोर उभी, आणि बाप दगडासारखा बसलेला. वेळ संपल्याची घंटी वाजली, रोंडा जागेवर गेली.

आयत्या वेळच्या विषयांत मर्विननं माइक ओढला. "मिसेस हॉग यांना परत घ्यावं, असा ठराव मी मांडतो."

"अनुमोदन?" अध्यक्ष डोना प्रुएट यांनी विचारलं.

मर्विननं शेजारच्या ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन त्याचा कॅफेतला जुना दोस्त. मर्विनचीच वाक्यं घोकून मागच्या निवडणुकीत बोर्डावर आलेला.

"मर्व्ह, वर्गावर एक बाई असताना दुसरी कशाला?" ग्लेन म्हणाला. "तूच शिकवलंस ना आम्हाला?"

मागच्या रांगांत हशा पिकला. डोनाबाईंनी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

"अनुमोदन नाही. ठराव बारगळला. पुढचा विषय, जिमचं छप्पर."

सभा सुटल्यावर मर्विननं रोंडाला तिच्या गाडीपाशी गाठलं.

"मी राजीनामा देतो," तो म्हणाला.

"वा. आणि मग?"

"मग काय? आत माझंच बोलणं माझ्या तोंडावर मारतात, बाहेर तू. इकडे आड, तिकडे विहीर. जायचं कुठे मी?"

"तुम्ही उठलात की उरलेले मिळून दुसरा ग्लेन आणून बसवतील. मग ठराव मांडायलासुद्धा कुणी नाही."

"मांडून काय दिवे लागले? पाहिलंस ना आत्ता."

"पाहिलं. पुढच्या महिन्यात परत मांडा."

"आणि परत पडला तर?"

"त्याच्या पुढच्या महिन्यात."

"रोंडा, मुदत संपायला दीड वर्ष आहे अजून. दर महिन्याला तू माइकवर, आणि मी समोर तोंड शिवून? नाही सोसायचं मला."

रोंडानं गाडीचं दार उघडलं. ती ओरडली नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"सोसेल का, असं टेसाला कुणी विचारलं, पप्पा? मैत्रिणी चौथीत जाणार. ती बारक्या पोरांत, त्याच वर्गात, अख्खं वर्ष बसणार आहे. तुम्हीही बसा."